ओव्हरड्राइव्हचा सूर

चेन्नईहून उत्तरेस कोलकात्याच्या दिशेने निघालेला हमरस्ता सुमारे 45 किलोमीटरवर गुम्मिडिपूंडीला पोहोचतो. चेन्नईच्या उपनगरी आगगाड्या येथवर येतात. आंध्र प्रदेशाची सीमा येथून हाकेच्या अंतरावर असून पूर्वेस पुलिकतचे खारे सरोवर पसरलेले आहे. गावालगत पोलादाच्या कारखान्यांची मोठी वसाहत आहे आणि रस्त्यावर मालमोटारींची रांग अखंड चाललेली असते. या सपाट भूमीवर चढ असा जवळजवळ नाहीच. सह्याद्रीच्या घाटांशी परिचय असलेल्या माणसाला येथे पहिल्यांदा जाणवतो तो हा सपाटपणा, आणि जुन्या जीपगाडीलाही तो तितकाच जाणवतो.

जीप ही मुळात वेगासाठी घडवलेली गाडी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीने ती चिखलातून, वाळूतून आणि दगडधोंड्यांतून ओढून नेण्यासाठी तयार केली. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईच्या माझगावात महिंद्रांनी तिची जोडणी सुरू केली. पुढे वनखाते, पाटबंधारे खाते, पोलीस आणि बागायतदार या सर्वांनी तिला आपलेसे केले. तिचा सगळा भर ओढीवर आहे. नागरी वापराच्या विलिस जीपमध्ये मागच्या आसाचे गुणोत्तर सर्रास 5.38 असे, म्हणजे चाकाचा एक फेरा पुरा होईपर्यंत वरच्या गिअरमध्येही इंजिनाला साडेपाचच्या आसपास फेरे घ्यावे लागतात. सोळा इंची चाकावर ताशी 60 किलोमीटर वेग ठेवला, तर इंजिन मिनिटाला सुमारे 2,400 फेरे घेते. ताशी 80 किलोमीटरला हा आकडा 3,200च्या वर जातो. घाटात हा गुण आहे. गुम्मिडिपूंडीच्या रस्त्यावर तास-दोन तास तसेच चालवणे म्हणजे इंजिनाचे आयुष्य आणि इंधन दोन्ही जाळणे होय.

यावर निघालेला उपाय म्हणजे ओव्हरड्राइव्ह. मोटारगाड्यांत 1948च्या सुमारास द नॉर्मनव्हिल यांच्या रचनेचा ओव्हरड्राइव्ह रूढ होऊ लागला. जीपसाठी निघालेला प्रकार निराळा आणि अधिक युक्तीचा आहे. जीपच्या गिअरपेटीमागे चारही चाकांकडे शक्ती वाटून देणारी दुसरी पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. या पेटीच्या पाठीमागे, पंप किंवा शेतीचे यंत्र चालवण्याची सोय म्हणून, एक झाकलेले तोंड ठेवलेले असते. ते झाकण काढून, आतील पहिले दंतचक्र उतरवून, त्याच्या जागी ओव्हरड्राइव्ह बसवतात. त्याच्या पोटात ग्रहमाला असते. मधले चक्र सूर्यासारखे स्थिर धरलेले, त्याभोवती ग्रहचक्रे फिरतात आणि बाहेरचे वलय त्यांच्यामुळे पुढे ढकलले जाते. इंजिनाच्या तीन फेऱ्यांत वलयाचे चार फेरे होतात. ताशी 80 किलोमीटरला इंजिन पुन्हा 2,400 फेऱ्यांवर येते. लिव्हर मागे घेतली की सारी माला एकजीव होऊन फिरते आणि गाडी पूर्ववत होते.

हे सुख काही काळ टिकते. मग एक दिवस गाडीच्या तळातून चिरका, लांबट सूर निघू लागतो. कारागिरांच्या भाषेत गिअर रडू लागतो. येथेच मालकाचा सर्वांत मोठा खर्च होण्याचा संभव असतो. असे ओव्हरड्राइव्ह थोडे बनले, त्यांचे सुटे भाग दुर्मिळ आहेत. तेव्हा चुकीच्या पेटीचे पोट फाडून चांगले भाग बिघडवून ठेवणे परवडत नाही. उलट, दुर्लक्ष केले आणि आतील चक्र तापून जाम झाले, तर भरधाव गाडीची मागची चाके एकाएकी जखडतात. पाठीमागे मालमोटार असताना असे घडणे म्हणजे प्राणाशी गाठ आहे.

दोष कोठे आहे हे पाने-हातोडे न लावताही कळू शकते. दंतचक्राचा सूर काही गूढ नसतो. चक्र सेकंदाला जितके फेरे घेते, त्याला दात्यांच्या संख्येने गुणले की सुराची कंपनसंख्या मिळते. समजा, चक्राला 26 दाते आहेत आणि मिनिटाला 2,400 म्हणजे सेकंदाला 40 फेरे होत आहेत, तर कंपने 1,040 होतात. हार्मोनियमच्या मध्य सप्तकातील पांढरी एकच्या षड्जाहून हा सूर जवळजवळ दोन सप्तके वर असतो. अर्थात ज्या चक्राचा वेग बदलेल त्याचा सूर बदलेल आणि ज्याचा बदलणार नाही त्याचा स्थिर राहील. सारी परीक्षा या एका गोष्टीवर उभी आहे.

ती घ्यावयाची ती अशी. सरळ, सपाट, मोकळा रस्ता पहाटेच्या वेळी गाठावा. चालकाने केवळ गाडी चालवावी. ऐकण्याचे काम शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावे. पुढच्या चाकांची जोडणी सोडलेली असावी, कारण कोरड्या पक्क्या रस्त्यावर चारही चाके जोडून धावल्यास साऱ्या दात्यांवर ताण येतो आणि निरोगी पेटीही कण्हू लागते. आता वेगकाट्याकडे पाहून वेग तोच राखावा आणि ओव्हरड्राइव्ह एकदा जोडावा, एकदा सोडावा.

जोडताच सूर खाली उतरला, तर तो इंजिनाच्या वेगाशी बांधलेला आहे, म्हणजे दोष ओव्हरड्राइव्हच्या पुढे, क्लच किंवा गिअरपेटीकडे शोधावा. हा उतार किती असतो, हेही ठरलेले आहे. वेग चारावरून तीनवर येतो. गाण्याच्या भाषेत तार षड्जावरून पंचमावर येणे ते हेच. ज्याला तंबोरा लावता येतो त्याला या परीक्षेत उपकरणाची गरज पडणार नाही.

सूर जराही हलला नाही, तर ओव्हरड्राइव्हला दोष देणे अन्यायाचे ठरेल. ट्रान्सफर केसमधील चक्रे, मागील दांडा, आस आणि टायर यांचा वेग रस्त्याच्या वेगाशी बांधलेला असतो. ओव्हरड्राइव्ह आत असो वा बाहेर, त्यांना त्याचा पत्ताही नसतो. टायरचा आवाज मात्र डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या पुलावर जाताच पालटतो, एवढ्यावरून तो वेगळा काढता येतो.

आणि सूर फक्त ओव्हरड्राइव्ह जोडल्यावर उमटला, सोडताच नाहीसा झाला, तर मात्र संशयाला जागा राहत नाही. सोडलेल्या स्थितीत ग्रहमाला एकसंध फिरते, दाते दात्यांवर घासत नाहीत, म्हणून ती गप्प असते. उरते एवढेच ठरवणे की, दाते रडतात की बेअरिंग. ॲक्सिलरेटर दाबून व सोडून पाहावे. दात्याला दोन बाजू असतात. ओढीत एक बाजू काम करते, गाडी आपल्या गतीने धावताना दुसरी. तेव्हा सुराचा पोत बदलला तर तो दात्यांचा. बेअरिंगचा आवाज बहुधा सूर नसतोच, ती घरघर असते, आणि भार बदलला तरी तिच्यात फारसा पालट होत नाही.

दुरुस्तीचा आरंभ सर्वांत स्वस्त गोष्टीपासून करावा. लिव्हरचा दांडा सैल होऊन आतील कडे अर्धेच गुंतत असेल, तर तेवढे बेतून घेतल्याने आवाज थांबतो. मग तेल. सपाट जागेवर गाडी उभी करून, थंड झाल्यावर पातळी पाहावी. गिअरपेटीचे तेल मधल्या सीलमधून झिरपून मागच्या पेटीत उतरते, त्यामुळे एक पेटी काठोकाठ आणि दुसरी कोरडी, असा प्रकार जीपमध्ये पुष्कळदा आढळतो. म्हणून पातळी दोन्हींची पाहावी. काढलेले तेल स्वच्छ भांड्यात घेऊन बोटांवर चोळावे. राखाडी लुकण ही वयाची खूण आहे. चकाकणारे कण किंवा पितळी कीस ही आजाराची. आवाज दाबण्यासाठी पेटीत लाकडाचा भुसा किंवा घट्ट ग्रीस भरण्याची जुनी युक्ती गाडी विकणाऱ्याच्या कामाची असेल, चालवणाऱ्याच्या मात्र मुळीच नाही. ग्रीस सुईसारख्या बारीक बेअरिंगांपर्यंत पोहोचतच नाही आणि ती उपाशी मरतात.

तेल बदलूनही रडणे थांबले नाही तर ओव्हरड्राइव्ह खोलावा लागतो. रॉकेलने धुऊन हाताने हळू फिरवावा. दाबाच्या हवेने बेअरिंग गरगरवू नये. ग्रहचक्रांच्या पिना, वॉशर आणि सुईबेअरिंग यांतील ढिलाई तपासावी. याच वेळी ट्रान्सफर केसमधील मधल्या चक्राचा दांडा पाहणे अगत्याचे आहे. त्यावर चर पडले की ते चक्र कलते आणि ओव्हरड्राइव्हवरील चक्राशी त्याचा मेळ बिघडतो. कित्येक मालकांचा घोटाळा येथेच होतो. ओव्हरड्राइव्ह बसवताना चक्र नवे येते, त्याचा जोडीदार वीस वर्षांचा जुना राहतो. जुने दाते जुन्या सोबत्याशी झिजून जुळलेले असतात. नव्याशी त्यांचे पटत नाही. दात्यांना निळा खूणरंग लावून फिरवावे. स्पर्शाची खूण दात्याच्या मध्यभागी पसरलेली उमटली तर ठीक. एका टोकाला साचली तर दांडा, बेअरिंग आणि चक्रांची जोडी एकदमच बदलावी.

जोडणी करताना शेवटचा नट पुरता आवळून पिनेने बांधावा आणि पॅकिंगला लावण्याचा चिकट लेप तेलाच्या वाटेत शिरणार नाही हे पाहावे. काही शे किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदलावे, म्हणजे नव्या दात्यांचा कीस निघून जाईल. जीपच्या ट्रान्सफर केसमधील चक्रे सरळ दात्यांची असल्यामुळे थोडासा गुंजारव त्यानंतरही राहतो. पहिल्या तेलबदलीच्या दिवशी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, ओव्हरड्राइव्ह जोडून आणि सोडून तो एकदा ऐकून ठेवावा. पुढच्या वेळी तुलना करावयाची ती त्याच्याशी.