ट्रॉलीच्या जोडाची मोडतोड व ओझ्याची मांडणी

रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याची तोड सुरू झाली की सड्यावरच्या बागांतून क्रेट उतरविणाऱ्या दोनचाकी ट्रॉलीला दिवसभर विसावा नसतो. एरवीही पॉवर टिलर वा लहान ट्रॅक्टरमागे जोडलेली हीच ट्रॉली जांभ्याचे चिरे, शेणखत व भाताचा पेंढा वाहते. तिचा दांडा यंत्राला जेथे जोडला जातो तेथील पिन, पिनेचे कान व दांड्याला चौकटीशी धरून ठेवणारे ब्रॅकेट हे भाग आकाराने लहान. परंतु सारी ओढ आणि चढउतारावरचा प्रत्येक हिसका त्यांनाच सोसावा लागतो. ब्रॅकेटला तडा गेला की तो वेल्डरकडून भरून घेण्यात येतो व थोड्याच दिवसांत, बहुधा जोडाच्या कडेला, पुन्हा दिसू लागतो. मग दोष वेल्डरच्या माथी बसतो. तो क्वचित खराही असतो. तथापि प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे ट्रॉलीतील ओझे होय.

जुन्या गाडीवानाला हे सांगावे लागत नाही. बैलगाडीतील भार आसाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते व बैलांचे गळे आवळतात. भार फार पुढे आला तर तो जनावरांच्या मानेवर पडतो. बैल अडून बसतो, म्हणून चूक लगेच कळते. लोखंड तसे काही सांगत नाही. ते वाकत जाते.

समजा, ओझ्यासह ट्रॉलीचे वजन १,००० किलो असून आसापासून पिनेपर्यंतचे अंतर २.५ मीटर आहे. भाराचा मध्य आसाच्या २० सेंटिमीटर पुढे असेल तर पिनेवर ८० किलो दाब येतो. तोच मध्य २० सेंटिमीटर मागे गेल्यास पीन ८० किलोच्या जोराने वर उचलली जाते. यंत्राची चाके हलकी होऊन पकड सोडतात. मध्य आसाच्या आसपासच राहिला तर प्रत्येक खड्ड्यात पीन एकदा दबते, एकदा उचलली जाते, आणि तार पुढेमागे वाकवून तोडावी तसे ब्रॅकेट तुटते. उलट मध्य ५० सेंटिमीटर पुढे आल्यास २०० किलो भार पडून कान खाली वाकतात व ट्रॅक्टरची पुढची चाके उचलू पाहतात. दोनचाकी ट्रॉलीच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पिनेवर यावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे; मात्र यंत्र तयार करणाऱ्याने घालून दिलेली मर्यादा ओलांडू नये.

कोकणातील चढणीवर हा हिशेब बदलतो. क्रेट उंच रचल्याने भाराचा मध्य आसाच्या एक मीटर वर गेला, तर दहास एक या चढावर तो सुमारे १० सेंटिमीटर मागे सरकतो, म्हणजे वरील ८० किलोंचे ४० उरतात. पाचास एक चढावर काहीच उरत नाही. म्हणून चिरे व अन्य जड माल तळाशी, आसाच्या किंचित पुढे रचावा, दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्या आणि सर्व माल दोराने आवळावा. परदेशांत मोटारीमागे प्रवासाची घरगाडी जोडताना पिनेवरील भार पुढच्या चाकांकडे वाटण्यासाठी स्प्रिंगच्या दांड्या लावतात. शेतातील ट्रॉलीला तशी सोय नसते.

पिनेवरील भार मोजणे अवघड नाही. सपाट जागी चाकांना दोन्हीकडून दगड लावून, भरलेल्या ट्रॉलीचा दांडा नेहमीच्या उंचीवर आधार देऊन सपाट काट्यावर टेकवावा. काट्याची क्षमता आधी पाहावी. आणि दांडा उलाळ होईल अशी शंका असल्यास जवळ उभे राहू नये.

मोडतोडीवरूनही कारण ओळखता येते. कान खाली वाकले असल्यास भार पुढे, वर वाकले असल्यास मागे. ब्रॅकेट एका अंगास पिळले असेल तर ओझे एकांगी किंवा वळणे फार आखूड. पिनेचे भोक लांबट झाले असेल, तर पीन बारीक आहे अथवा तिच्या जागी सळईचा तुकडा घातलेला आहे, असे समजावे. बारीक तडा रंगाखाली लपतो. त्यासाठी जागा तारेच्या ब्रशाने स्वच्छ करून रॉकेल वा डिझेल लावावे, थोड्या वेळाने पुसून खडूची पूड चोळावी. तड्यात मुरलेले तेल वर येऊन रेघ उमटते. वेल्डिंगपूर्वी ते तेल पूर्ण काढावे.

दुरुस्तीच्या वेळी ट्रॉली यंत्रापासून सोडवावी. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडल्यास तो पुढे सरकत नाही. मग खाच घासून उजळ धातूपर्यंत साफ करावी व नंतरच भरावी. बिडाचा भाग साध्या कांडीने भरू नये, बदलावा. वाकलेले कान ठोकून सरळ करण्यातही हित नाही. बोल्ट डोक्यावर ८.८ अशी खूण असलेले घ्यावे. पीन निसटली तरी दांडा जमिनीत रुतू नये यासाठी साखळी लावावी. दांड्यावर कोणासही बसू देऊ नये.

किनाऱ्याजवळच्या गावांत खारा वारा व मोठा पाऊस यांमुळे जोडाच्या कडा आतून गंजतात. म्हणून आंब्याचा हंगाम आटोपताच, मृगापूर्वी, ब्रॅकेट गोड्या पाण्याने धुऊन वाळवावे, गंज खरवडून रेड ऑक्साइड लावावे, पिनेला ग्रीस भरावे आणि दांड्याच्या पन्हळीत पाणी साचणार नाही अशा रीतीने ट्रॉली आडोशाला उभी करावी.