कधी झाली, किती, कशी?

सकाळी 7.50

रात्रपाळीच्या सिस्टर रजिस्टर उघडून एकेक खाट सांगत जातात. ताप, नाडी, रक्तदाब, सलाईन किती गेली, लघवी किती झाली. संडासच्या रकान्यात मात्र कधी नुसती बरोबरची खूण असते, कधी काहीच नसतं. चाळीसएक पेशंट एकटीनं सांभाळलेल्या बाईला त्याबद्दल बोल लावता येत नाही. पण त्या खुणेवरून मला पोटाचं काहीही कळत नाही. खडे पडले की पाणी झालं, काळी झाली की पिवळी, सुखानं झाली की कुंथून रक्त आलं, हे सगळं त्या एका खुणेत बुडून जातं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये आजाऱ्याच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पुस्तक 1859 सालचं. रात्र चांगली गेली का, असं विचारू नका; किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी लागली ते विचारा, असा त्यांचा आग्रह. संडासलाही तोच नियम लावावा असं मला वाटतं. ‘पोट साफ झालं का?’ या प्रश्नाला आपल्याकडची शंभरातली नव्वद माणसं ‘हो’ म्हणून मोकळी होतात, विशेषतः शेजारच्या खाटेवरचा माणूस ऐकत असेल तर. म्हणून मी खाटेशी वाकून हळू आवाजात तीन गोष्टी विचारते: शेवटची कधी झाली, किती झाली, कशी झाली. आणि शक्य असेल तिथे स्वतः बघते. बेडपॅन झाकून सरळ न्यायचं नाही, आधी सिस्टरला दाखवायचं, हे वॉर्डातल्या मावशींना आणि मामांना पक्कं ठाऊक आहे.

सकाळी 8.15

चहा आला. पोटाच्या कामासाठी दिवसातली सगळ्यांत मोलाची वेळ ही. जठरात काही गेलं की मोठं आतडं आपोआप पुढे सरकवायला लागतं, आणि हा जोर सकाळच्या पहिल्या खाण्यापिण्यानंतर सर्वांत जास्त असतो. नेमक्या याच वेळेला वॉर्डात चादरी बदलणं, इंजेक्शनं आणि राउंडची तयारी सुरू असते. कळ येते, माणूस लाजेनं किंवा गर्दीमुळे ती दाबतो, आणि अर्ध्या तासात ती विरते. गुदाशयात थांबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं. दुपारपर्यंत त्याचा खडा होतो.

म्हणून माझ्या पाळीत चहानंतर चादरी नाहीत. ज्यांना उठता येतं त्यांना संडासपर्यंत चालवत न्यायचं, ज्यांना चालवत नाही त्यांना कमोडच्या खुर्चीवर बसवायचं, आणि अगदीच उठता येत नाही त्यांनाच बेडपॅन द्यायचं. पाठीवर आडवं पडून शौचाला होणं फार कठीण. धडधाकट माणसालाही जमणार नाही. बेडपॅन दिलं तरी खाटेचं डोकं उंच करून, पाठीशी उशी देऊन जमेल तेवढं बसतं करायचं. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं जन्मभर उकिडवी बसलेली. त्यांना खुर्चीवर बसवलं की पाय लोंबकळतात आणि काही होत नाही. पायांखाली लाकडी पाट सरकवला, गुडघे कमरेच्या वर आले आणि माणूस थोडा पुढे झुकला, की गुदाशयाला वेढून त्याला वाकवून धरणारा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. दोन पाट मी वॉर्डासाठी मागून घेतले आहेत. औषधाच्या कपाटातल्या कितीतरी बाटल्यांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त झाला आहे.

पडद्याचं काय, हा प्रश्न रोजचा. फिरते पडदे पुरत नाहीत. मग मावशी दोन चादरी दोरीवर टाकतात. बेडपॅन मागावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बायका मी पाहते. त्यांच्या बद्धकोष्ठाचं औषध म्हणजे ती चादर.

सकाळी 9.15

ऑपरेशन झालेल्यांची पोटं. आधी नजरेनं: फुगलंय का, ताणलेली कातडी चकाकते का. मग स्टेथोस्कोप, आणि हात सर्वांत शेवटी. कारण आधी दाबलं तर आतड्याची हालचाल बदलते आणि खोटा आवाज ऐकू येतो. सुरुवात उजवीकडे खाली, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं. मिनिटाला साधारण पाच ते तीस गुडगुडी ऐकू आल्या तर ठीक. आवाज नाहीत असं लिहायचं तर पूर्ण पाच मिनिटं ऐकलेलं असलं पाहिजे.

तरीही केवळ आवाजावर मी विसंबत नाही. पोट उघडल्यावर लहान आतडं काही तासांतच हलू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठं आतडं सगळ्यांत शेवटी, दोन-तीन दिवसांनी जागं होतं. म्हणजे गुडगुड ऐकू आली तरी खालची वाट बंद असू शकते. खरी बातमी गॅस सरल्याची. ‘वारा सरला का?’ असं विचारल्यावर तरुण पोरं तोंड फिरवतात. त्यांना मी सांगते, दादा, हे लपवायचं नाही. तुमच्या या एका उत्तरावर तोंडानं पाणी सुरू करायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात. मग दुसऱ्या दिवशी तेच दुरूनच हात वर करून सांगतात.

सकाळी 10.20

राउंड. एका काकांची संडास काळी झाली म्हणून त्यांचा मुलगा घाबरलेला. रक्तवाढीच्या गोळ्या सुरू आहेत, त्यामुळे काळपट होणारच, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. लोहाच्या गोळ्यांनी रंग काळा-हिरवट होतो, पण मळ घट्टच राहतो. बेडपॅनमधली मात्र डांबरासारखी चिकट, चकचकीत होती आणि तिचा वास असा की एकदा ओळखला की माणूस विसरत नाही. जठरात किंवा त्याच्या लगेच पुढे 50 ते 100 मिलिलिटर रक्त वाहिलं तरी अशी संडास होते. नाडी 112. मी बेडपॅन तसंच झाकून ठेवलं होतं, डॉक्टरांना दाखवलं. राउंड तिथेच थांबली. रक्तगट तपासणी, दुसरी सलाईन, दुर्बिणीची तपासणी करण्यासाठी फोन. काकांना गुडघेदुखीसाठी रोज गोळी घ्यायची सवय होती, हेही तेव्हाच कळलं.

सकाळी 11.05

मधुमेहानं पायाला जखम झालेल्या आजी, वय अठ्ठ्याहत्तर. तीन दिवस पातळ होतंय म्हणून नात वैतागलेली. दिवसातून कितीदा चादर बदलायची. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून ती देण्याच्या बेतात होती. मी तिला थांबवलं आणि आजींच्या पोटावर हात ठेवला. डावीकडे खाली कणकेच्या गोळ्यासारखं काहीतरी घट्ट लागत होतं. विचारत मागे गेल्यावर कळलं की खरी, बांधून संडास नऊ दिवसांपूर्वी झालेली. तेव्हापासून दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल सुरू, पाणी जेमतेम, खाटेवरून उठणं नाही.

हे जुलाब नव्हतेच. खाली खडा घट्ट बसला की वरचं पातळ त्याच्या कडेनं झिरपत येतं. त्यावर थांबवायची गोळी दिली असती तर आतडं पुरतं कोंडलं असतं. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अचानक पातळ होऊ लागलं तर आधी खडा आहे का ते बघायचं, हे नव्या मुलींना मी पहिल्याच आठवड्यात शिकवते. ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या कुळातल्या वेदनाशामकांची गुंगी शरीराला सवयीची होते, मळमळ कमी होते. बद्धकोष्ठाची मात्र सवय कधीच होत नाही. म्हणून तसलं औषध सुरू झालं त्याच दिवशी पोट साफ राहण्याचं औषधही सुरू व्हायला हवं, आणि चार्टवर ते दिसलं नाही तर सिस्टरनं विचारायला हवं.

डॉक्टरांनी बोटानं तपासलं, अंदाज बरोबर निघाला. एनिमा लिहिताना मी क्रिएटिनिनचा रिपोर्ट पुढे ठेवला. तो वाढलेला होता. कपाटात हाताशी असतो तो फॉस्फेटचा तयार एनिमा, पण मूत्रपिंड थकलेल्या म्हाताऱ्या माणसात तो रक्तातलं फॉस्फेट चढवतो आणि कॅल्शियम उतरवतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी ग्लिसरीन, मग कोमट सलाईन. आजींना डाव्या कुशीवर वळवलं, वरचा गुडघा पोटाशी. मोठ्या आतड्याचा शेवटचा वळसा डावीकडे असतो, त्यामुळे पाणी आपल्या वजनानं आत उतरतं. नळीला भरपूर जेली, आजींना तोंडानं लांब श्वास घ्यायला सांगितलं. सैल झालेले खडे डॉक्टर बोटानं काढत होते तेव्हा माझं बोट आजींच्या नाडीवर होतं. तिथली नस डिवचली गेली की नाडी एकदम मंदावू शकते.

पाऊण तास लागला. लहानपणी आम्ही शेळीच्या लेंड्या म्हणायचो तसले खडे आले. ब्रिस्टलच्या लुईस आणि हीटन या डॉक्टरांनी 1997 साली संडासचे सात प्रकार दाखवणारा तक्ता प्रसिद्ध केला, त्यातला हा पहिला प्रकार. सातवा म्हणजे निव्वळ पाणी, आणि तिसरा-चौथा निरोगी माणसाचा. मळ आतड्यात किती वेळ राहिला ते त्याच्या रूपावरून बऱ्यापैकी कळतं. तो तक्ता आम्ही मराठीत लिहून संडासच्या दाराला आतून लावला आहे. आता पेशंट ‘सिस्टर, आज चार नंबर’ असं सांगतात आणि लाजही वाटत नाही.

आजींना पुसून कोरडं केलं, लाल झालेल्या कातडीला झिंक ऑक्साइड लावलं. मग मी आणि मावशी, दोघींनी साबण-पाण्यानं हात धुतले. सॅनिटायझर अशा वेळी पुरत नाही. अँटिबायोटिकनंतर जुलाब करणाऱ्या एका जंतूचे बीजाणू त्यानं मरत नाहीत. आजी एवढंच म्हणाल्या, ‘बाई, आता भूक लागली.’

दुपारी 12.30

जेवण. एका बाईंच्या पिशवीत इसबगोलाचा डबा दिसला, चमचाभर तोंडात टाकून वर घोटभर पाणी. तसं घेतलं तर ते आतच फुगून बसतं; पेलाभर पाण्याशिवाय नकोच, आणि दुखण्याची कडक औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुसरीकडे पोट दुखून आलेल्या मुलाला घरी एरंडेल पाजलं होतं का, ते विचारून घेतलं. सुजलेल्या अपेंडिक्सवर जुलाबाचं औषध म्हणजे ते फुटायला निमंत्रण. आई आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली. केसपेपरवर वेळेसह लिहिलं.

दुपारी 1.10

कोलोस्टॉमी झालेल्या, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलेल्या शेतकरी दादांचा आज पाचवा दिवस. पिशवीत काही येऊ नये म्हणून त्यांनी दोन दिवस जेवण टाळलं. स्टोमा, म्हणजे ते तोंड, तांबूस-गुलाबी, ओलसर आहे, म्हणजे रक्तपुरवठा चांगला आहे; जांभळा-काळा पडला तर त्याच क्षणी कळवायचं, हे मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. त्याला दुखण्याची नस नसते, पुसताना रक्ताचा थेंब आला तर घाबरायचं नाही, धुवायला नुसतं कोमट पाणी. डेटॉल, सॅव्हलॉन काही नाही. पिशवीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. जास्त कापलं तर मळ कातडीला लागून ती सोलवटते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, जड झाली तर सुटते.

कात्री त्यांच्या हातात दिली. ऊस तोडणारे हात, पण भोक अगदी गोल कापलं. मग त्यांनी विचारलं, ‘एसटीत सुटली तर?’

निघण्याआधी रिकामी करायची, खांद्याच्या पिशवीत कापलेली एक जादा, ओला कपडा, एक कॅरीबॅग, आणि सदरा लांब. वजन उचलायचं नाही, निदान दीड-दोन महिने. पोटाच्या त्या जागेवर हर्निया होतो. जेवण टाळल्यानं मळ थांबत नाही, नुसता गॅस होतो. भात, वरण, दही, केळं आजपासूनच.

त्यांची बायको पायाशी उभी राहून बघत होती. तिला पुढे बोलावलं आणि दुसरी पिशवी तिच्या हातात दिली. उद्या अकराला दोघांनी मिळून माझ्या मदतीशिवाय बदलायची आहे, हे रजिस्टरमध्ये संध्याकाळच्या पाळीसाठी लिहिलं. खाली आजींची ओळ: लॅक्टुलोज सुरू, पाणी दर दोन तासांनी, 4 वाजता चहानंतर खुर्चीवर, पायाखाली पाट.