संगणकाची स्मृति आणि वऱ्हाडचा उन्हाळा

मे महिन्याचें वर्णन वऱ्हाडांतील माणसांपुढें करण्यांत अर्थ नाहीं. आमचें अचलपूर सातपुड्याच्या पायथ्याशीं आहे आणि चिखलदऱ्याची थंड हवा येथून फार दूर नाहीं. परंतु ती खालीं उतरून येत नाहीं. पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अकोल्यास तर मे २०२४ मध्यें उष्णतेपायीं कलम १४४ लागू करावें लागलें होतें. अशा दिवसांत माणूस सावली शोधतो, गुरें झाडाखालीं जाऊन उभीं राहतात. टेबलाखालच्या पेटींतील संगणक मात्र जेथें ठेविला तेथेंच काम करीत असतो. त्यालाहि एक स्मृति आहे आणि तिलाहि ऊन बाधतें. बाजारांत जिला रॅम म्हणतात त्या या स्मृतीविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

रॅम म्हणजे सुमारें १३ सेंटिमीटर लांबीची एक पट्टी असून तिच्यावर काळ्या चौकोनी चिपा बसविलेल्या असतात. एकेका चिपेंत अब्जावधि सूक्ष्म विद्युत्‌-संचयक असतात. संचयक भरलेला असला म्हणजे १, रिकामा असला म्हणजे शून्य. संगणकाचें सारें लेखन या दोनच अक्षरांत चालतें. ही रचना आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांनीं १९६६ सालीं योजिली. ती सुटसुटीत खरी. परंतु हा संचयक म्हणजे कुंभाराकडचें कोरें मडकें समजावें. तें पाझरतें. भरलेलें मडकें रिकामें होण्यापूर्वींच तें पुन्हां भरलें नाहीं, तर त्यांतील १ चा शून्य होऊन बसेल. म्हणून संगणक दर ६४ सहस्रांश सेकंदांत सर्व मडक्यांवरून एक फेरी पुरी करितो, आणि तीहि एका दमांत नव्हे, ८१९२ हप्त्यांत. आपण यंत्रापुढें नुसते बसून राहिलों तरी ही पाणक्याची फेरी थांबत नाहीं.

आतां उष्णतेचा संबंध येतो. तपमान वाढलें कीं पाझर वाढतो. ढोबळ मानानें दर दहा अंशांमागें तो दुप्पट होतो. म्हणूनच चिप ८५ अंशांच्या वर गेली तर फेरी ६४ ऐवजीं ३२ सहस्रांश सेकंदांत पुरी करावी, असा दंडक आहे. याची उलट बाजूहि मोठी मौजेची आहे. २००८ सालीं अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं चालू संगणकाची रॅम उणे ५० अंशांच्या आसपास गार केली आणि ती पट्टी यंत्रांतून उपटून काढिली. वीज तुटल्यावर जें लिखाण एरव्हीं कांहीं सेकंदांत पुसून जावयाचें, तें कित्येक मिनिटें जवळजवळ जसेंच्या तसें राहिलें.

पाझर वाढून एखादें मडकें वेळेपूर्वीं रितें झालें तर काय होतें? यंत्र बंद पडलें किंवा पडदा निळा झाला तर आपलें नशीब बरें म्हणावयाचें, कारण निदान चूक झाली हें तरी कळलें. माझा जन्म गुणपत्रिका लिहिण्यांत गेला, म्हणून त्यांतलेंच उदाहरण घेतों. ३५ हा आंकडा संगणक ३२ अधिक २ अधिक १ असा मांडतो. त्यांतील ३२ चें एक मडकें रितें झालें तर उरतात ३. काठावर उत्तीर्ण झालेला मुलगा तीन गुणांवर येतो, आणि छापलेल्या कागदावर खाडाखोडीची खूणहि दिसत नाहीं. मोठ्या कचेऱ्यांच्या संगणकांत अशी चूक ओळखून सुधारण्याकरितां जादा चिप बसविलेली असते. आपल्या घरच्या यंत्रांत बहुधा ती नसते. ज्या घरांत पेन्शनचा हिशेब, मुलीचा प्रबंध किंवा वडिलांच्या हस्तलिखिताची नक्कल त्या पेटींत आहे, त्या घरानें ही गोष्ट क्षुल्लक मानूं नये.

तथापि उगाच भीतीहि घालावयाची नाहीं. रॅम ही प्रोसेसरइतकी तापणारी वस्तु नव्हे. एक पट्टी दोन-चार वॅट वीज खाते. हवा नीट खेळत असेल तर ती खोलीपेक्षां पंधरा-वीस अंशांनीं गरम राहते. पुण्यांतील २८ अंशांच्या खोलींत हें कोणाच्या ध्यानींहि येणार नाहीं. आमच्याकडे दुपारीं खोलीच ४२ अंशांवर असते, म्हणजे पट्टी साठीला पोहोंचते. ८५ चा उंबरठा अजून दूर असतो खरा, परंतु मधली सवड सुमारें एक तृतीयांशानें कमी होते. आणि ती उरलेली सवड आपण आपल्या हातांनींच घालवितों.

ती कशी, तें पाहा. यंत्राला धूळ लागूं नये म्हणून घरोघर त्यावर कापडी झूल घालितात. यंत्र बंद असतांना ती शोभते. पण चालू यंत्रावर झूल म्हणजे मे महिन्यांत रजई. टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यांत पेटी कोंडण्याची तऱ्हाहि तशीच. मागच्या पंख्यानें बाहेर टाकिलेली ऊन हवा त्या कप्प्यांतच फिरून पुढच्या जाळींतून आंत शिरते. पेटीच्या मागें वीतभर जागा मोकळी असावी. शिवाय हा कापसाचा मुलूख. सरकी काढण्याच्या कारखान्यांच्या आसपास हवेंत तंतु तरंगत असतात, ते पंख्याच्या पात्यांवर व जाळीवर बसून नमद्यासारखा थर धरितात. हा थर फाल्गुनांतच काढावा. यंत्र बंद करून तार भिंतींतून काढावी, पत्र्याला हात लावून अंगांतील स्थितिविद्युत्‌ जाऊं द्यावी, आणि मऊ कुंचल्यानें किंवा हवेच्या झोतानें धूळ उडवावी. पंख्याचें पातें तेव्हां बोटानें धरून ठेवावें. झोतानें तें गरगर फिरूं देऊं नये. ओलें फडकें आंत मुळींच नेऊं नये.

कूलर हा वऱ्हाडचा खरा मित्र. कोरड्या हवेंत वाळ्याच्या ताट्यांतून आलेला वारा खोली दहा-बारा अंशांनीं सहज उतरवितो, आणि खोली जितकी उतरेल तितकीच रॅमहि उतरते. दमट वाऱ्यानें यंत्रांत दंव धरेल अशी पुष्कळांस भीति वाटते. चालू यंत्राचे भाग खोलीहून गरम असतात, त्यामुळें तेथें दंव धरत नाहीं. भय असतें तें फाटक्या ताटींतून उडणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या थेंबांचें. म्हणून पेटी झोताच्या समोर नसावी, बाजूस असावी.

यंत्रांस थंड ठेवण्याची ही विवंचना नवी नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या टिफ्रॅक या संगणकांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या; तापावयास तेवढ्या पुरेशा होत्या. त्याची स्मृति फेराइटच्या बारीक कड्यांची होती, आणि तीं कडीं पाझरत नसलीं तरी त्यांचे चुंबकीय गुण तपमानाबरोबर बदलतातच. पुण्याच्या आयसर संस्थेंतील परम ब्रह्म या महासंगणकांत उष्णता वाहून नेण्याचें काम पाण्याकडे दिलें आहे. आपल्या पेटीला एवढ्याची गरज नाहीं.

दुकानांत रॅमवर रंगीत धातूचें कवच आणि दिवेहि लाविलेले मिळतात. साध्या वेगानें चालणाऱ्या पट्टीला त्या कवचाचा फारसा उपयोग नाहीं, आणि दिवे तर स्वतःच ऊब देतात. खरा फरक वेगाचा पडतो. डीडीआर४ जातीची पट्टी मूळ १.२ व्होल्टवर चालते. जलद चालविण्यासाठीं पुष्कळ वेळां १.३५ व्होल्ट देतात. तेवढ्यानेंहि उष्णता वाढते. मुलांनीं खेळासाठीं असा वेग वाढविला असेल, तर निदान एप्रिल-मे मध्यें तो मूळ पदावर आणावा. यास कांहीं खर्च पडत नाहीं.

शंका आली तर परीक्षा सोपी आहे. मेमटेस्ट८६ नांवाची विनामूल्य मिळणारी परीक्षा-प्रणाली एकदां भर दुपारीं आणि एकदां पहांटे चालवावी. दुपारीं चुका निघाल्या व पहांटे निघाल्या नाहींत, तर उष्णतेचा संशय बळावतो. मग दुपारींच पेटीची बाजू उघडून टेबलपंखा आंत रोखावा व तीच परीक्षा पुन्हां घ्यावी. चुका थांबल्या तर धूळ, पंखा व वेग यांकडे पाहावें, आणि बाजू पुन्हां लावून टाकावी. कायमची उघडी पेटी आमच्याकडे महिन्याभरांत कापसानें भरते. चुका पहांटेसहि निघत असतील तर मात्र दोष उन्हाचा नव्हे, पट्टीचा आहे. दोन पट्ट्या असल्या तर एकेक काढून पाहावें, म्हणजे कोणती बदलावयाची तें कळतें.