कुंपणाआडचं गवत

चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द आपल्याकडे जोडीनंच येतात. हिवरेबाजारानं चराई थांबवून डोंगर हिरवे केले आणि बोडक्या डोंगरासाठी ते योग्यच होतं. पण त्यावरून ‘जनावर आलं की जमीन गेली’ असा नियम निघत नाही.

गवत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातला बराच कार्बन मुळांत उतरवतं. मुळं मेली की सूक्ष्मजीव ती खातात. काही कार्बन पुन्हा हवेत जातो, काही मातीच्या कणांना चिकटून राहतो. जनावरानं शेंडा खाल्ला की गवत पुन्हा फुटतं, शेणामुतातून नायट्रोजन मातीला परत मिळतो. मात्र फुटायला उसंतच मिळाली नाही, तर गवत साठवलेलं अन्न वापरून संपवतं, मुळं आखडतात. सगळी गोम या उसंतीत आहे.

मग जनावरं कायमची हटवली तर? हिमाचलातल्या स्पितीत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे सुमंत बागची आणि सहकारी यांनी कुरणाच्या काही तुकड्यांना कुंपण घातलं, शेजारचे तुकडे चरायला मोकळे ठेवले आणि १६ वर्षं माती तपासली. २०२२ साली निष्कर्ष आले: कुंपणाआडच्या मातीतल्या कार्बनची चढउतार ३० ते ४० टक्क्यांनी जास्त! याचं मुख्य कारण होतं नायट्रोजन. चराईमुळे हा साठा वाढतोच असं नव्हे, तो स्थिर राहतो. माझ्या मते हेही मोठंच काम आहे.

पुढे त्याच गटाला दिसलं, की भरल, आयबेक्स यांच्या कुरणांपेक्षा पाळीव जनावरांच्या कुरणांत कार्बन कमी आहे. जनावरांना देतात त्या टेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकांचा अंश शेणामुतातून मातीत उतरून सूक्ष्मजीवांना बाधतो, असा त्यांचा कयास. कुरणाच्या चर्चेत औषधांची बाटली निघेल, असं कुणाला वाटलं होतं?

कार्बन क्रेडिटचं आमिष दाखवणाऱ्यांपासून जरा जपून. मातीचा साठा काही वर्षांनी भरत येतो, गुरांचा मिथेन हिशेबात धरावाच लागतो आणि कुरण एकदा नांगरलं की साठलेला कार्बन झपाट्यानं उडून जातो.

गावाच्या गायरानाला मात्र क्रेडिटची वाट पाहायची गरज नाही. त्याचे भाग पाडा, कळप आळीपाळीनं फिरवा. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या फुटव्यावर गुरं सोडू नका. पुढचा भाग कधी उघडायचा, ते कॅलेंडरपेक्षा गवताची उंची पाहून ठरवा.