फाइलीच्या अंतरंगाचे दर्शन

एखादे छायाचित्र साध्या मजकूर-संपादकात उघडले असता पडद्यावर जी विचित्र चिन्हांची गर्दी उसळते, ती पाहून फाइल बिघडली असे समजणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी ती एकवार 'एक्सएक्सडी' या आज्ञेच्या हवाली करावी. हा प्रोग्रॅम प्रत्येक ओळीत १६ बाइट मांडतो: डावीकडे त्यांचा स्थानांक, मध्ये प्रत्येक बाइटाचे षोडशमान पद्धतीतील दोन अंक, आणि उजव्या समासात त्याचे अक्षररूप, ज्याला छापण्याजोगे रूप नाही, त्याच्या जागी केवळ टिंब.

पीएनजी चित्राचे पहिले ८ बाइट तर मुद्दाम न्याहाळावेत. आरंभीचा '८९' हा ॲस्कीच्या मर्यादेबाहेरचा, अशासाठी की सात बिटांच्या वाहिनीतून जाताना फाइल विद्रूप झाल्यास ते तत्क्षणी उघड व्हावे. पुढील तिहींत 'पीएनजी' ही रोमन अक्षरे स्वच्छ वाचता येतात. त्यामागची '०डी ०ए' ही जोडी आणि अखेरचा '०ए' हे ओळ संपवण्याच्या खुणांत परस्पर झालेला फेरफार पकडतात. आणि मधला '१ए' डॉसच्या 'टाइप' आज्ञेला तेथेच थांबवतो. इतक्या अल्प जागेत एवढा चोख बंदोबस्त करणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे मला अपार कौतुक वाटते.

मराठी मजकुराची तऱ्हा निराळी. यूटीएफ-८ मध्ये 'म' हे अक्षर 'ई० ए४ एई' असे तीन बाइट व्यापते, आणि उजवा समास एकेक बाइट सुटा वाचून ॲस्कीखेरीज कोणाचीच दखल घेत नसल्यामुळे त्याच्या वाट्याला तीन टिंबे येतात. स्वतः असा प्रोग्रॅम लिहू इच्छिणाऱ्याने फाइल बायनरी पद्धतीनेच उघडावी, आणि ३२ ते १२६ या मूल्यांचेच बाइट अक्षररूपाने छापावेत.