बाटलीचं झाकण उघडून बघा

फ्रीझरमध्ये ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून डायॉक्सिन सुटतं, हा निरोप ईमेलच्या काळापासून फिरतो आहे. डायॉक्सिन तयार होतं ते मुख्यतः जळताना. गारठ्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

तळाच्या त्रिकोणात १ आकडा असेल तर ती बाटली पीईटीची. हे प्लॅस्टिक बनवताना बहुधा अँटिमनीचं संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्याचा अंश पाण्यात उतरतो. पण त्याला उष्णता लागते. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या २००८च्या अभ्यासात, ६० अंश सेल्सिअसला हा अंश तिथली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडायला १७६ दिवस लागतील असा हिशेब निघाला. ८० अंशांना जेमतेम सव्वादोन दिवस. म्हणून या बाटलीत उकळतं पाणी नको. ओतलंच, तर ती तिथेच आक्रसून वेडीवाकडी होते, कारण पीईटी सत्तरेक अंशांपुढे मऊ पडतं. ७ आकड्याच्या काही बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या असतात. त्यातल्या बिस्फेनॉल-ए या रसायनामुळे युरोपीय संघाने २०११मध्ये तान्ह्या मुलांच्या तशा बाटल्यांवर बंदी घातली.

एवढी चर्चा रसायनांची. झाकणातली रबरी रिंग मात्र कुणी काढून बघत नाही! एकदा चमच्याच्या टोकाने उचलून पाहा, खाली बहुतेक वेळा काळपट, बुळबुळीत थर सापडेल. तोंड लावून प्यायलं की लाळ आणि अन्नकण आत जातात. नळाच्या पाण्यातलं उरलंसुरलं क्लोरीन काही तासांत कमी होतं. मग जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती शर्करांचा चिकट लेप तयार करतात. हाच जैवपटल. नुसतं पाणी खळबळून तो जात नाही, जंतुनाशकही आतपर्यंत नीट पोचत नाही. तो घासूनच काढावा लागतो.

रोज भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि लांब दांड्याचा ब्रश. अरुंद तोंडाच्या बाटलीत ब्रश जात नसेल, तर मूठभर तांदूळ, साबण आणि थोडं पाणी घालून जोरात हलवण्याची जुनी युक्ती बरी. रिंग आणि स्ट्रॉ वेगळे काढून धुवायचे. त्यानंतर बाटली उलटी घालून, झाकण न लावता पूर्ण सुकू द्यायची. हा भाग सगळेच टाळतात. सरबत किंवा दूध भरलं असेल तर संध्याकाळपर्यंत थांबू नये, साखर आणि प्रथिनं ही जिवाणूंची मेजवानी. आत ओरखडे पडलेली बाटली घासूनही स्वच्छ होत नाही, ती बदलावी. शाळेच्या स्ट्रॉवाल्या बाटलीसाठी बारीक ब्रश घरात नसेल, तर मुलाला सरळ रुंद तोंडाची, बिनस्ट्रॉची बाटली द्यावी.