उघड्या वायफायची काही वर्षे

माझगावच्या गोदीत पाऊल ठेवणाऱ्याचा पास दरवाजावर तपासला जातो, यात कोणासही वावगे वाटत नाही. परंतु त्याच गोदीच्या भिंतीबाहेर, म्हातारपाखाडीपासून डॉकयार्ड रोडपर्यंतच्या घराघरांत, जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा परवानामुक्त झाल्यानंतर जे वायफायचे राउटर हळूहळू येऊ लागले, त्यांच्या लहरी शेजारच्या जिन्यापर्यंत पोहोचतात याची दखल त्या काळी क्वचितच कोणी घेतली.

ही बेफिकिरी भंगली ती भयाने. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी काही मिनिटे माध्यमांना आलेल्या ईमेलचा माग सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचला, आणि तेथील रहिवाशाच्या उघड्या वायफायचा परक्यांनीच उपयोग केल्याचे तपासात निष्पन्न झाले. पुढे ऑगस्टात माटुंग्याचे खालसा महाविद्यालय व सप्टेंबरात चेंबूरचे एक कार्यालय यांवरही हाच प्रसंग गुदरला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय हुडकून मालकांस नोटिसा बजावण्याची मोहीम जाहीर केली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने सेवादात्या कंपन्यांना त्याविषयी हुकूम काढला. गृहस्थास जाब विचारणे रास्तच. परंतु सांकेतीकरण बंद ठेवूनच यंत्र विकणाऱ्या कारखानदाराकडे त्या धामधुमीत फारसे कोणी वळले नाही, हे मला आजही विपरीत वाटते.

त्यातून ज्यांनी घाईने बंदोबस्त केला, त्यांतल्या अनेकांनी 'डब्ल्यूईपी' ही सांकेतीकरणाची पद्धत निवडली. वस्तुतः वायफायच्या १९९७ च्या मानकातील त्या पद्धतीचे मर्म फ्लुरर, मॅन्टिन व शमीर या संशोधकांनी २००१ मध्येच उघडे पाडले होते, आणि २००७ मध्ये डार्मस्टाटच्या संशोधकांनी तिची १०४ बिटांची किल्ली एका मिनिटाच्या आत हस्तगत करून दाखवली होती. प्रत्येक पाकिटागणिक बदलणारा तिचा आरंभीचा अंक अवघा २४ बिटांचा, त्यामुळे वर्दळ वाढली की त्याची पुनरावृत्ती अटळ.

२००४ पासून उपलब्ध असलेले 'डब्ल्यूपीए२' मात्र खरोखर भक्कम होते, अर्थात आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा परवलीचा शब्द निवडणाऱ्याने आपला मोबाइल नंबरच तेथे लिहून ठेवला नसेल तर. कारण जोडणीच्या वेळची देवाणघेवाण एकदा टिपली, की उरलेले अंदाज बांधणे संगणकाने घरी बसून, राउटरला सुगावाही न लागता, करता येते. ही वाट २०१८ च्या 'डब्ल्यूपीए३' ने बंद केली, परंतु जुन्या राउटरांपैकी पुष्कळांत ती सोयच नाही.